खाकी वर्दी आणि प्रेक्षकांचे हसू

वाईचा कृष्णाघाट आणि त्याच्या आसपासचा मुलूख यांना हिंदी चित्रपटसृष्टीने आजवर अनेक प्रांतांचे रहिवासी करून टाकले आहे. २००३ साली ‘गंगाजल’साठी सातारा जिल्ह्यातील हा परिसर बिहार झाला, २०१० साली ‘दबंग’साठी उत्तर प्रदेश झाला. चित्रीकरणाच्या निमित्ताने गावातील लोकांना चार पैसे मिळतात, त्याबद्दल कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु एकाच भूमीवर सात वर्षांच्या अंतराने उभ्या राहिलेल्या या दोन चित्रपटांत जो फरक पडला, तो मात्र विचार करायला लावणारा आहे.

‘गंगाजल’च्या पाठीशी भागलपूरचे १९७९-८० मधील भीषण प्रकरण होते. तेथे पोलिसांनी कच्च्या कैद्यांच्या डोळ्यांत ॲसिड घालून त्यांना आंधळे केले, आणि शहरातील अनेकांनी पोलिसांचीच बाजू घेतली. याच प्रकरणात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने, गरीब आरोपीस प्रथम दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतानाच सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, असे ठणकावून सांगितले. प्रकाश झा यांच्या चित्रपटात जमाव अशा कृत्याचा जयजयकार करतो. पण नायक असलेला पोलीस अधीक्षक त्या जयजयकारात सामील होत नाही. प्रेक्षकाला अस्वस्थ करून घरी पाठविण्याचे धाडस त्या चित्रपटात होते.

‘दबंग’मध्ये ही अस्वस्थता नाहीशी झाली. त्याचा फौजदार लुटारूंचा पैसा स्वतःच्या खिशात घालतो, मारता मारता कोट्या करतो आणि तरीही लाडका ठरतो. २०११ साली ‘सिंघम’ आला. ‘गंगाजल’मध्ये कायद्याची बाजू मांडणारे अजय देवगणच त्यात नायक होते, पण येथे खलनायकाचा निकाल न्यायालयात लागत नाही, पोलिसांच्या गोळीने लागतो. पुढे २०१८ चा ‘सिम्बा’ आणि २०२४ च्या दिवाळीतील ‘सिंघम अगेन’ यांनी ही वाट रुळवली. मारामारीचा चित्रपट आणि विनोदी चित्रपट असे दोन प्रकार आता वेगळे उरलेले नाहीत. मार हाच विनोद झाला आहे.

कृष्णाकाठची हास्यपरंपरा याहून निराळी आहे. वाळवा तालुक्याने पठ्ठे बापूराव दिले, अण्णाभाऊ साठे दिले. तमाशातील सोंगाड्या राजाची आणि त्याच्या कारभाऱ्यांची भर फडात फजिती करीत असे. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’मध्ये दादा कोंडके यांनी वर्दीलाच हास्याचा विषय केले. ते हसू खालून वर, सत्तेकडे पाहून हसलेले होते. आजचे हसू दंडुका खाणाऱ्याकडे पाहून हसलेले आहे.

ही केवळ करमणूक आहे, असे म्हणणाऱ्यांनी सांगलीचा नोव्हेंबर २०१७ आठवावा. लूटमारीच्या संशयावरून पकडलेल्या एका तरुणाचा पोलीस कोठडीत मारहाणीने मृत्यू झाला. आरोपी पळून गेल्याचे पोलिसांकडून सांगण्यात आले. प्रत्यक्षात मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळल्याचे तपासात उघड झाले आणि उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली. सारे शहर त्या वेळी हादरले. तेथे पडद्यावरचे संगीत नव्हते, शिट्ट्या नव्हत्या. होते ते एक उघडे पडलेले कुटुंब. चित्रपटामुळे हा मृत्यू झाला असे कोणी म्हणणार नाही. पण संशयिताला मारणे म्हणजेच न्याय, ही समजूत समाजात रुजली की अशा कोठडीची दारे बाहेरून कोणी ठोठावीत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये ‘सिंघम’सारख्या चित्रपटांतून जाणाऱ्या घातक संदेशाकडे लक्ष वेधले होते. कायद्याच्या रीतसर मार्गाबद्दलची लोकांची अधीरता हे त्यांनी दाखविलेले मूळ होय. ती अधीरता निराधार नाही. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत सुमारे ७६ टक्के बंदी हे कच्चे कैदी होते. तारखांमागून तारखा घेऊन थकलेला फिर्यादीही गरीब आणि खटला न चालताच खितपत पडलेला आरोपीही गरीब. अशा माणसाला तीन तासांत निकाल देणारा नायक आवडला, तर दोष एकट्या त्याचा नव्हे.

म्हणून बंदीची किंवा अधिक कडक सेन्सॉरची मागणी करणे व्यर्थ आहे. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरणे, तालुक्याच्या न्यायालयात गरिबाला खरोखर वकील मिळवून देणे आणि कोठडीवर नागरिकांची नजर ठेवणे, हीच या चित्रपटांची खरी टीका ठरेल. तोवर निदान एवढे तरी व्हावे: पडद्यावर दंडुका उगारला गेला की हसण्यापूर्वी प्रेक्षकाने क्षणभर थांबावे आणि मार खाणाऱ्यावरचा गुन्हा कोणी, कोठे सिद्ध केला, हे स्वतःला विचारावे.