जुन्या गाडीची लहान कामे मालकानेच करावीत

खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते. पुढे तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली, तर महाराष्ट्रात ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. तरीही धडधाकट गाड्या स्वस्तात विकल्या जातात, कारण किरकोळ दुरुस्तीच्या फेऱ्यांना आणि बिलांना मालक कंटाळलेला असतो. ही किरकोळ कामे त्याने शिकून घेतली, तर जुनी गाडी परवडत नाही ही तक्रार बरीचशी संपेल.

अशा कामांत सुटा भाग स्वस्त असतो; बिल फुगते ते मजुरीने आणि खोळंब्याने. एअर फिल्टर बहुतेक गाड्यांत क्लिपा किंवा स्क्रू काढून बदलता येतो. दिवा किंवा हॉर्न बंद पडला, तर आधी फ्यूज पाहावा. कोणता फ्यूज कशाचा, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर साचला की गाडी सुरू होताना कुरकुरते आणि पुष्कळदा चांगली बॅटरी उगाच बदलली जाते. इंजिन बंद करून आधी ऋण, मग धन टोक सोडवावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने थर घासून काढावा, पुसून कोरडे करावे आणि उलट क्रमाने टोके जोडावीत. पावसाळ्यापूर्वी वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा काढला, तर केबिनमध्ये पाणी शिरण्याचे एक कारण फुकटात दूर होते.

यावर सुरक्षिततेचा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. म्हणूनच ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि इंधनाची गळती यांना नवख्याने हात लावू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. पण ही मर्यादा कळण्यासाठीही बॉनेट उघडून गाडीची ओळख करून घ्यावी लागते. मेकॅनिकच्या पोटावर पाय येईल, ही भीतीही पटत नाही. वेळच्या वेळी निगा राखलेली गाडी जास्त वर्षे रस्त्यावर राहते आणि क्लच, सस्पेन्शन यांसारखी खऱ्या कौशल्याची कामे त्याच्याकडेच येतात. भंगारात गेलेली गाडी त्याला काहीच देत नाही. शिवाय बिघाडाची लक्षणे नेमकी सांगणारा मालक प्रामाणिक कारागिराचा वेळ वाचवतो आणि नको असलेले काम ठामपणे नाकारू शकतो. जुनी गाडी विकायला काढण्याआधी तिची माहितीपुस्तिका एकदा नीट वाचा आणि एका लहान कामाला स्वतः हात घाला.