हवाईची संमती कोणी दिली?

हवाई बेटांतील मूळ रहिवासी आपल्या भूमीवरील अमेरिकन फौजेविषयी असंतोष बोलून दाखवू लागले, की त्यांचे तोंड बंद करण्यासाठी एक ठेवणीतला युक्तिवाद नेहमी बाहेर काढला जातो. ही बेटे अमेरिकेत रीतसर सामील झाली. १९५९ साली तेथील मतदारांनी प्रचंड बहुमताने त्यावर शिक्कामोर्तब केले. आणि जिच्याविरुद्ध एवढी कुरकुर चालते त्याच फौजेमुळे ही बेटे सुरक्षित आहेत व हजारो घरांतील चुली पेटत आहेत, असा हा पूर्वपक्ष आहे. तो मांडणारे सगळेच दुष्ट बुद्धीचे नाहीत, हे मी आधीच मान्य करतो. परंतु या साऱ्या इमारतीचा पाया 'रीतसर' या एका शब्दावर घातलेला आहे, आणि माझी हरकत त्या शब्दालाच आहे.

१६ जानेवारी १८९३ रोजी होनोलुलू बंदरात उभ्या असलेल्या 'बोस्टन' या युद्धनौकेवरून दीडशेहून अधिक सशस्त्र अमेरिकन सैनिक किनाऱ्यावर उतरले. ते ज्याच्या सांगण्यावरून उतरले तो जॉन स्टीव्हन्स हा हवाईच्या दरबारी असलेला अमेरिकेचाच वकील होता. आणि दुसऱ्या दिवशी, त्या संगिनींच्या सावलीत, मळेवाले, व्यापारी व त्यांचे कायदेपंडित यांच्या एका लहानशा मंडळाने राणी लिलिउओकलानीची सत्ता संपल्याचे जाहीर केले. रक्तपात टाळण्यासाठी राणीने अधिकार सोडला खरा, पण सोडताना आपण या मंडळापुढे नव्हे तर अमेरिकेच्या श्रेष्ठ बळापुढे नमत आहोत, आणि अमेरिकेचे सरकार वस्तुस्थिती जाणून आपले राज्य परत करील तोवरच नमत आहोत, असे तिने लेखी नमूद करून ठेवले. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी पाठविलेल्या जेम्स ब्लाउंट यांच्या चौकशीत राणीची बाजू खरी ठरली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात खुद्द क्लीव्हलंड यांनी काँग्रेसपुढे हा अन्याय कबूल केला; मात्र राज्य परत मिळाले नाही. १८९५ साली राणीच्या पक्षाचा उठाव फसल्यावर ज्या इओलानी राजवाड्यातून तिने राज्य केले त्याच राजवाड्याच्या माडीवरील एका खोलीत तिला कैदेत टाकण्यात आले. तेथे तिने व तिच्या सोबतिणींनी रेशमी कापडाचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी आजही त्या वास्तूत पाहावयास मिळते. तिच्या मध्यभागी हवाईची निशाणे आहेत, आणि कैदेची नोंद दोऱ्याच्या टाक्यांनी केलेली आहे. दप्तर हाती नसलेल्या राणीने आपले दप्तर असे कापडावर लिहून ठेवले.

हवाईच्या प्रजेने मुकाट्याने हे सोसले, असा एक समज पुढे रूढ झाला. तो किती खोटा आहे याचा पुरावा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कित्येक दशके पडून होता, आणि नोएनोए सिल्वा या हवाईच्या विदुषीने १९९० च्या दशकात तो उजेडात आणला. १८९७ साली विलीनीकरणाचा तह सिनेटपुढे येणार असे दिसताच 'हुई अलोहा आइना' या देशभक्तांच्या संघटनेने बेटाबेटांवर फिरून विरोधाचा अर्ज तयार केला होता. त्याचे एखादे पान समोर ठेवावे. वर हवाई व इंग्रजी या दोन्ही भाषांत छापलेला मजकूर, आणि खाली ओळीने नावे व प्रत्येकापुढे वय. पुरुषांची पाने वेगळी, स्त्रियांची वेगळी. अशी ५५६ पाने आणि २१,२६९ स्वाक्षऱ्या! रोगांच्या साथींनी मूळ हवाईवासीयांची संख्या तेव्हा सुमारे ४०,००० वर आली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. घरात सही करण्याजोगे जे जे माणूस होते त्यांतील बहुतेकांनी सही केली होती. चार प्रतिनिधी हे कागद घेऊन वॉशिंग्टनला गेले, आणि तहाला आवश्यक असलेले दोनतृतीयांश मताधिक्य सिनेटमध्ये जमेना.

रीत जर पाळावयाची होती, तर प्रकरण येथेच संपावयास हवे होते. परंतु १८९८ साली स्पेनशी युद्ध जुंपले, पॅसिफिकमध्ये आरमारी तळाची निकड भासू लागली, आणि जो तह मंजूर होत नव्हता तो बाजूस ठेवून साध्या बहुमताने पसार होणाऱ्या संयुक्त ठरावाने हवाईचे राष्ट्र ७ जुलै १८९८ रोजी खालसा करण्यात आले. राजघराण्याची व सरकारची मिळून सुमारे १८ लक्ष एकर जमीन अमेरिकेकडे गेली. ज्यांनी ती दिली त्यांची ती नव्हती, आणि ज्यांची ती होती त्यांना कोणी विचारले नाही. १९९३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने या पदच्युतीबद्दल क्षमा मागितली, आणि मूळ हवाईवासीयांनी आपले सार्वभौमत्व कधीही प्रत्यक्षपणे सोडून दिलेले नाही, हे त्या ठरावात लिहून दिले. प्रतिपक्षाचाच कबुलीजबाब हाती असताना आणखी साक्षीपुराव्याची आवश्यकता ती काय? तरीही २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, या क्षमेने जमिनीच्या मालकीवर काही परिणाम होत नाही, असा निकाल दिला. चोरी कबूल, माल मात्र चोराकडेच!

१९५९ च्या मतदानाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. राज्य म्हणून अमेरिकेत यावयाचे की नाही, एवढाच प्रश्न होता; 'नाही' म्हणणाऱ्याच्या वाट्याला पूर्वीचाच परतंत्र प्रदेश येणार होता. स्वातंत्र्य हा पर्याय त्या मतपत्रिकेवर नव्हता. शिवाय मूळ रहिवासी तोवर स्वतःच्या बेटांवर अल्पसंख्य झाले होते.

आता फौजेकडे वळतो. हवाईच्या भाषेत भूमीला 'आइना' म्हणतात, आणि त्या शब्दात खाऊ घालण्याचा, पोसण्याचा अर्थ आहे. ज्याला जग पर्ल हार्बर म्हणून ओळखते ते पुउलोआ एके काळी मासे पाळण्याच्या तळ्यांसाठी प्रसिद्ध होते. माकुआ खोऱ्यातील कुटुंबांना दुसऱ्या महायुद्धात घराबाहेर काढताना, युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत जमीन परत मिळेल, असे आश्वासन दिले गेले. ते पाळले गेले नाही. काहोओलावे या संबंध बेटाचा तर जवळजवळ अर्धशतक बाँबफेकीच्या सरावासाठी उपयोग झाला. १९६५ साली तेथे एकेका वेळी ५०० टन स्फोटके उडविण्यात आली. १९७६ पासून तरुणांनी होड्यांतून त्या निषिद्ध किनाऱ्यावर उतरण्यास प्रारंभ केला. मार्च १९७७ मध्ये त्यांतील जॉर्ज हेल्म व किमो मिचेल समुद्रात नाहीसे झाले ते परत आलेच नाहीत. १९९० साली बाँबफेक थांबली. ४० कोटी डॉलरची साफसफाई २००४ मध्ये संपली, तेव्हाही बेटाचा सुमारे चौथा हिस्सा साफ व्हावयाचा राहिला होता.

फौज रक्षण करते, या म्हणण्याला रेड हिलने जे उत्तर दिले ते कोणत्याही वक्त्याला देता आले नसते. ओआहू बेटावरील या टेकडीच्या पोटात आरमाराच्या इंधनाच्या २० प्रचंड टाक्या होत्या, आणि त्यांच्या खाली अवघ्या १०० फुटांवर होनोलुलूला पाणी पुरविणारा भूजलसाठा. २०१४ मध्ये गळती झाली होती, जलमंडळ व नागरिक वर्षानुवर्षे इशारे देत होते, आणि सर्व काही सुरक्षित असल्याची ग्वाही मिळत होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये नळ सोडताच इंधनाचा वास येऊ लागला. मुलांच्या अंगावर पुरळ उठले, पोटे बिघडली. हे नळ बहुतांशी सैनिकांच्याच घरांतले होते! त्या कुटुंबांसाठी हवाईचे लोक रस्त्यावर उतरले, 'ओला इ का वाइ', पाणी हेच जीवन, म्हणत उतरले. आणि मार्च २०२२ मध्ये टाक्या बंद करण्याचा हुकूम निघाला. सैनिकाचा द्वेष हा या चळवळीचा आशय नव्हे, हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

पगाराचा मुद्दा खरा आहे. अनेक हवाईवासी स्वतः फौजेत आहेत, आणि संपूर्ण स्वातंत्र्य हवे की अमेरिकेच्या अंतर्गत मान्यता, यावर त्यांच्यात तीव्र मतभेद आहेत. पण मतभेद असणे हे निर्णयाचा हक्क नसल्याचे लक्षण नव्हे; तो हक्क वापरून पाहण्याची ती पहिली पायरी आहे. काहोओलावेवर आज लोक हातांनी देशी रोपे लावीत आहेत आणि मकाहिकीचा उत्सव पुन्हा साजरा करीत आहेत. भूमी परत मिळाली तर हे लोक तिचे काय करतील, असे विचारणाऱ्याने तेथे जाऊन पाहावे.

आपणही या प्रकरणात सर्वस्वी त्रयस्थ नाही. २०१८ साली हवाईच्या समुद्रात झालेल्या 'रिमपॅक' या बहुराष्ट्रीय आरमारी सरावात मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'सह्याद्री' ही आपली युद्धनौका सहभागी झाली होती. ते नाव वाचून माझा ऊर भरून आला, आणि लगेच पुउलोआच्या पाण्याची आठवण होऊन मान खाली गेली. ज्या सरावांना तेथील भूमिपुत्र वर्षानुवर्षे विरोध करीत आहेत, त्यांत आपल्या डोंगराचे नाव घेऊन जाताना दिल्लीने त्या विरोधाची निदान नोंद तरी घ्यावी, असे मला कळकळीने वाटते.

हवाईतील पोहाकुलोआ येथील सुमारे २३,००० एकर जमीन १९६४ साली ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने लष्कराला दिली गेली. भाडे ठरले एक डॉलर. वर्षाला नव्हे, सगळ्या मुदतीसाठी. या जमिनीची नीट देखरेख न करून राज्यसरकारने विश्वस्ताचे कर्तव्य मोडले, असा निकाल हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. तो पट्टा २०२९ साली संपत आहे. नवा करारनामा पुढे येईल तेव्हा त्यावर मूळ रहिवाशांच्या सहीसाठी जागा असली पाहिजे, आणि 'नाही' असे लिहिण्यासाठीही.