हसे आणि हास्य

पुरुषाने पुरुषावर प्रेम केल्याची कथा मराठी वाचकापुढे आली की तिला दोनच दारे उघडी असतात. एक शोकाचे आणि दुसरे टवाळीचे. पहिल्या दाराने ती आत आली तर आम्ही रुमाल काढतो, 'धाडसी विषय' म्हणून लेखकाची पाठ थोपटतो आणि नायक देशोधडीला लागला की निःश्वास टाकून पुस्तक मिटतो. दुसऱ्या दाराने आली तर टाळ्या पिटतो. परंतु ज्या तिसऱ्या दारातून स्त्रीपुरुषांच्या प्रेमकथा पिढ्यानुपिढ्या हसतखेळत ये-जा करीत आल्या, ते ह्या कथेस बंद आहे. का बंद आहे, हे कोणी सांगत नाही. 'असल्या विषयावर विनोद शोभत नाही' एवढे मात्र सांगतात. आणि सांगणारे गृहस्थ पुष्कळदा तेच असतात, जे चहाच्या वेळी कचेरीत ह्याच विषयावरील ओंगळ विनोदांनी मंडळींस रिझवितात.

हा वाद उपस्थित करण्यास आम्हांस निमित्त झाले ते एका जपानी चित्रकादंबरीचे. युउ तोयोता ह्यांच्या ह्या कृतीचे मूळ नाव वाक्याएवढे लांब आहे, आणि त्याचा अर्थ असा की, तिसाव्या वर्षापर्यंत ब्रह्मचारी राहिलेल्या पुरुषास म्हणे जादू साध्य होते. ही जपानी तरुणांत थट्टेने फिरणारी एक म्हण. इंग्रजीत ही मालिका 'चेरी मॅजिक' ह्या सुटसुटीत नावाने निघाली आणि आम्ही ती त्याच भाषेतून वाचली. पहिला खंड २०१८ साली जपानात प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये त्यावरून दूरचित्रवाणीवर मालिका झाली, २०२४ मध्ये चलच्चित्रेही आली. ह्या प्रकारास जपानात 'बॉईज लव्ह' असेच म्हणतात. येथील 'बॉईज' तिशीतले नोकरदार आहेत ही गोष्ट निराळी.

कथेचा नायक आदाची हा एका कंपनीतील सामान्य कर्मचारी आहे. तिसावा वाढदिवस उलटतो आणि त्यास आढळून येते की, आपला ज्यास स्पर्श होतो त्याच्या मनातले आपणांस ऐकू येते. ह्या सिद्धीचा त्यास आनंद नाही. लोकांच्या अंगास अंग लागू नये म्हणून तो चोरट्यासारखा वावरू लागतो. परंतु कचेरीची लिफ्ट कोणाचे ऐकते काय? गर्दीत त्याच्या शेजारी कुरोसावा येतो. कुरोसावा त्याच्याच बरोबर नोकरीस लागलेला, देखणा, विक्री-विभागाचा मानबिंदू. त्याचा चेहरा नेहमीसारखा शांत आहे आणि मनात मात्र ह्या बुजऱ्या सहकाऱ्याविषयीच्या कौतुकाचा पूर लोटलेला आहे. आदाची प्रथम इकडेतिकडे पाहतो. इतके प्रेम ज्याच्यावर आहे ती व्यक्ती कोण? आपण असू, ही शक्यता त्याच्या हिशेबातच नाही.

ज्यांनी मराठी नाटक पाहिले आहे त्यांस ह्या जादूचे मर्म सांगावे लागू नये. हे आपले 'स्वगत'च होय. पात्र बोलते, पिटातल्या शेवटच्या रांगेला ऐकू जाते आणि हातभर अंतरावरील सहपात्रास जात नाही, हा संकेत आपण संस्कृत नाटकापासून निमूटपणे मानीत आलो. तोयोता ह्यांनी केले ते एवढेच की, हे स्वगत नेमके त्याच एका माणसास ऐकविले, ज्याच्यापासून ते लपवावयाचे होते. कामाच्या ओझ्याने रात्र होते, परतीची गाडी निघून जाते, आदाचीस कुरोसावाच्या घरी मुक्काम करणे भाग पडते. प्रत्येक प्रसंगी बाहेरचा कुरोसावा मोजून चार सभ्य वाक्ये बोलतो आणि आतला कुरोसावा बेभान होतो. हसू येते ते ह्या तफावतीचे. त्याच्या जागी एखादी रूपवती आणि आदाचीच्या जागी तिचा लाजाळू सहकारी ठेवून पाहा, विनोदाचा एक धागाही तुटत नाही. पुरुषत्वाची, चालण्याबोलण्याची, हातवाऱ्यांची टिंगल ह्या खंडात शोधून सापडावयाची नाही.

येथे आमचे एक विद्वान स्नेही शास्त्र पुढे करतात. ते म्हणतात, हा शृंगार नव्हे, शृंगाराभास आहे, आणि आभासातून हास्य उत्पन्न व्हावे हे अभिनवगुप्तांसही मान्य आहे. तेव्हा तुम्हांला हसू येते ह्यातच तुमच्या पक्षाचा पराभव आहे! युक्तिवाद चतुर आहे, परंतु साहित्यदर्पण उघडून पाहिले तर तो टिकत नाही. विश्वनाथाने रसाभासाची जी स्थाने सांगितली त्यांत उपनायकाविषयीची रती आहे, गुरुपत्नीविषयीची आहे, अनेक नायकांविषयीची आहे, पशुपक्ष्यांची आहे. दोन पुरुषांचे नावही नाही. आणि हो, एकतर्फी रती मात्र आहे. म्हणजे ह्या पहिल्या खंडास आभासाचा डाग लावावयाचाच झाला तर तो कुरोसावाचे प्रेम अद्याप एकतर्फी आहे म्हणून लागेल, आदाची पुरुष आहे म्हणून नव्हे. ह्या न्यायाने आपल्या भावगीतांपैकी निम्मी तरी आभासात जमा करावी लागतील. आमच्या स्नेह्यांची तयारी असल्यास आमची हरकत नाही.

ह्या हास्यापर्यंत येण्यास जपानी लेखिकांसही वाट तुडवावी लागली आहे. मोतो हागिओ ह्यांची 'तोमा नो शिन्झो' १९७४ साली निघाली. केइको ताकेमिया ह्यांची 'काझे तो कि नो उता' १९७६ मध्ये सुरू झाली. पहिलीतील शाळा जर्मनीतील आणि आरंभीच एका मुलाचा आत्मघात. दुसरीतील शाळा एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधील आणि शेवटी झिल्बेरचा मृत्यू. दोन्ही कृती थोर आहेत ह्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु असे पाहा की, हे प्रेम रंगविण्यासाठी तेव्हा परका देश लागला आणि मरण लागले. दूरच्या माणसासाठी रडता येते. हसण्यास माणूस जवळचा लागतो. चाळीस वर्षांनी तेच प्रेम जपानी कचेरीच्या लिफ्टमध्ये, टाय लावून, फायली हाती घेऊन उभे राहिले, ही घटना आम्हांस कोणत्याही जाहीरनाम्याहून मोठी वाटते.

आपल्याकडे ही जवळीक कोठे आहे? तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' ह्या १९८१ च्या नाटकात स्त्रीवर प्रेम करणाऱ्या मित्रेचा शेवट आत्मनाशात होतो. सचिन कुंडलकरांच्या २००६ च्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये भाऊ आणि बहीण एकाच पुरुषाच्या जाण्याने उद्ध्वस्त होतात. आळेकरांच्या 'बेगम बर्वे'त (१९७९) आमचेच भाईबंद असे दोन कारकून आहेत, हशाही भरपूर आहे, पण तो काळजास चरे पाडीत जातो. ह्या कृतींविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या पलीकडे पसरलेल्या माळरानाविषयी. हिंदीत २००८ साली 'दोस्ताना' चालला, तोही ह्या हमीवर की, दोघे तरुण केवळ भाड्याच्या घरासाठी सोंग करीत आहेत. सोंग आहे तोवर हसा. खरे निघाले तर हसू कोठे ठेवावयाचे हे पटकथेस ठाऊक नव्हते.

आम्ही केंद्र सरकारचे कारकून आहोत, तिशी ओलांडलेले आहोत, आणि कचेरीत तिशीचा अविवाहित मनुष्य म्हणजे काय चीज असते हे जाणून आहोत. जपानात २०२० च्या जनगणनेनुसार पन्नाशीपर्यंत एकदाही विवाह न केलेल्या पुरुषांचे प्रमाण सुमारे २८ टक्के होते; तेथे आदाची एकटा नाही. येथे त्याच्या टेबलाशी रोज कोणीतरी 'मग, यंदा लाडू केव्हा?' म्हणून थांबतो, आणि तो गेल्यावर पाठीमागे डोळे मिचकावले जातात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांस गुन्ह्यातून वगळले. निकालाने तुरुंगाची भीती गेली, पण डोळे मिचकावणे निकालपत्राच्या कक्षेत येत नाही. कचेरीतला माणूस बोलत नाही तो फौजदाराला भिऊन नव्हे, हसे होईल म्हणून. अशा माणसाच्या हाती असे एक पुस्तक पडावे, ज्यात त्याच्यासारखाच कोणी आहे, भरपूर हशा आहे, आणि त्यातला एकही हशा त्याच्यावर नाही, ह्याची किंमत काय हे शोकांतिकांच्या भोक्त्यांस कळणे कठीण.

पुस्तकात दोष नाहीत असे नव्हे. कुरोसावा फार गुणी आहे. रूप, कर्तबगारी, पाककौशल्य ह्यांपैकी एखादे तरी कमी असते तर तो अधिक पटला असता. दुसऱ्याचे मन त्याच्या नकळत ऐकणे ही चोरीच आहे. आदाचीस तिची टोचणी लागते, परंतु कथेस ती वरचेवर विसरावयाची घाई असते. स्त्रियांनी स्त्रियांसाठी पुरुषांची प्रेमे रंगवावीत आणि ज्यांची ती प्रेमे त्यांना कोणी विचारू नये, हा आक्षेप जपानात १९९२ मध्ये मासाकि सातो ह्यांनी, स्वतः समलिंगी असून, कडक शब्दांत घेतला होता आणि त्यावर लेखिकांशी दीर्घ वादही झाला. तो आक्षेप आम्ही हलका लेखीत नाही. पण तो घेण्याचा अधिकार सातोंचा. आमच्या मंडळींनी त्यांच्या आड लपून आपली नावड पुढे सरकवू नये.

हे म्हणण्याचे कारण, येथील एका मराठी मंडळाच्या ग्रंथालयासाठी आम्ही हा खंड सुचविला, तेव्हा तो दोन शेऱ्यांनिशी परत आला : 'चित्रांची पुस्तके बालविभागात' आणि 'बालविभागास अयोग्य'. दोन्ही शेरे एकाच हस्ताक्षरात आहेत. आम्ही सेवेत असल्याने टिपणी लिहिण्याचा सराव आहे; तेव्हा खाली लिहून पाठविले की, पहिला शेरा मान्य केल्यास दुसरा संभवत नाही व दुसरा मान्य केल्यास पुस्तक प्रौढविभागात ठेवावे, तरी निर्णय व्हावा. फाईल समितीपुढे आहे. पुस्तक मात्र कार्यालयातच होते, आणि परवा चौकशीस गेलो तेव्हा कोणी सदस्य ते घरी वाचावयास घेऊन गेल्याचे समजले.