डासांवर तेल लावा, पण पिंपाचे काय?

वर्षावास सुरू झाला की संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. त्याच दिवसांत वस्तीत डास वाढतात, डेंग्यूची भीती पसरते आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' तेलांच्या बाटल्या दारोदार विकायला येतात. सिट्रोनेला, गवती चहा, निलगिरी, कडुनिंब अशी कितीतरी नावे. रसायन नको म्हणून आपल्या आया-बहिणी ही तेले लेकरांच्या अंगाला चोळतात. हेतू चांगलाच आहे. पण कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून घ्या, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. ती या बाटलीलाही लागू आहे.

डास माणसाला श्वासावरून, अंगाच्या उबेवरून आणि घामाच्या वासावरून शोधतो. तेलाच्या उग्र वासाने त्याची दिशा चुकते, हे खरे. पण ही तेले हवेत लवकर उडून जातात. २००२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात डास पळवणाऱ्या औषधांची तुलना प्रसिद्ध झाली होती. २३.८ टक्के डीट असलेल्या औषधाने सरासरी पाच तास संरक्षण दिले. सिट्रोनेलाची बहुतेक उत्पादने वीस मिनिटेही टिकली नाहीत. डेंग्यूचा डास चावतो दिवसा. मग सकाळी शाळेत जाताना लावलेले तेल मुलाला दुपारपर्यंत कसे पुरणार?

वनस्पतीपासून मिळणारा एक घटक मात्र काही तास काम करतो. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून तो शुद्ध करून काढतात, त्याला पीएमडी म्हणतात. सर्दीसाठी आपण आणतो ते साधे निलगिरी तेल म्हणजे हा घटक नव्हे. शिवाय तीन वर्षांखालील मुलांना तो लावू नये.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हाही एक गैरसमज आहे. निलगिरीचे तेल किंवा कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. कडुनिंबाचे तेल बाळाला पाजणेही जिवावर बेतू शकते. बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका. तेल कधीही तसेच लावू नका, खोबरेल तेलात थोडेच मिसळा. आधी हातावर थोडे लावून बघा. डोळे, तोंड आणि मुलांचे तळहात टाळा.

माझा तेलाला विरोध नाही. संध्याकाळी थोडा वेळ बाहेर बसायचे असेल तर जरूर लावा. दिवसा झोपणाऱ्या बाळाला मात्र मच्छरदाणीच हवी. माझा आक्षेप आहे तो तेलावर विसंबून पिंप विसरण्याला.

डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागताच फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायचा. त्या दिवशी पिंप नुसते रिकामे करून चालत नाही. आतली कड घासायची, वाळवायची आणि भरल्यावर तोंडाला घट्ट कापड बांधायचे. पत्र्यावरचे टायर, ताडपत्रीच्या खोलगट घड्या, करवंट्या, कूलर हेही पाहायचे. रिकामी करता येत नाही अशी मोठी टाकी असेल तर आरोग्य खात्याकडून गप्पी मासे मागून घ्यावेत.

आता मुख्य प्रश्न. आपल्या घरात इतकी पिंपे आहेतच का? हौस म्हणून कोणी दहा बाय दहाच्या खोलीत दोन ड्रम ठेवत नाही. नळाला तासभर पाणी येते, कधी दिवसाआड येते, म्हणून ते साठवावे लागते. पिंपात अळ्या सापडल्या की बोल मात्र घरच्या बाईला बसतो. ज्यांनी रोज पुरेसे पाणी द्यायचे, त्यांना कोणी जाब विचारत नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले ते माणूस म्हणून आपला हक्क सांगण्यासाठी. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने, झोपडी अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही, असे सांगितले. आधार होता संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा. डासांचा प्रश्न याच हक्काशी जोडलेला आहे.

म्हणून या वर्षावासात प्रत्येक विहाराने दोन कामे करावीत. एक, महिला मंडळ आणि तरुणांनी मिळून दर रविवारी गल्लीतली पिंपे पाहावीत. दोन, रोज पाणी आणि वाहती गटारे मिळावीत यासाठी सह्यांचा अर्ज पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

एक शेवटचे. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर आरोग्य केंद्रात रक्त तपासा. डेंग्यूच्या तापात अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन अशा गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. पोटात खूप दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

जय भीम! नमो बुद्धाय!