इमारत सापडते, माणूस सापडत नाही



सांताक्रूझमध्ये राहणाऱ्या कोणालाही "बांधकाम कामगारांना काम मिळत नाही" असं सांगून बघा, तो तुम्हाला वेड्यात काढेल. पूर्वेला वाकोल्याकडे जा नाहीतर पश्चिमेच्या जुन्या गल्ल्यांतून फिरा, जिकडेतिकडे हिरवी जाळी आणि पत्रे. तीन-चार मजली सोसायट्या पडतायत आणि त्यांच्या जागी दुप्पट-तिप्पट उंचीच्या इमारती उठतायत. मग काम नाही कोणाला?

काम नाही ते जुन्या गवंड्याला. पूर्वी विटांची भिंत व्हायची, ओळंबा लावून कोपरे साधायचे, वर वाळू-सिमेंटचा गिलावा. आता अनेक मोठ्या कामांवर अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करतात आणि भिंत व स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. साइटवर त्याला सगळे 'मिवान' म्हणतात. तिथे वीटकाम जवळजवळ उरत नाही, गिलावाही नाही. काँक्रीट कारखान्यातून तयार येतं, म्हणून घमेली वाहणाऱ्या बायकांची रांगही गेली. पन्नाशीतला गवंडी सकाळी नाक्यावर उभा राहतो, दहा वाजेपर्यंत वाट बघतो आणि मग मिळेल त्या मजुरीवर बिगारी म्हणून जातो, नाहीतर घरी परततो. त्याला कोणी कामावरून काढल्याचं पत्र दिलेलं नसतं. मुकादमाचा फोन येईनासा होतो, एवढंच.

अशा माणसाला नवं काम शिकवायला सरकारकडे पैसा आहे का? आहे, आणि तो खास त्याच्याच नावाने गोळा केलेला आहे. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्राचे दोन कायदे झाले. त्यानुसार बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो. महाराष्ट्रात त्याचे नियम २००७ साली झाले आणि कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आलं. मुलांच्या शिष्यवृत्त्या, औषधोपचार, अपघाती मृत्यू झाला तर कुटुंबाला मदत आणि कौशल्य प्रशिक्षण, हे सगळं या पैशातून व्हायचं असतं.

पण झालं काय, ते सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात सांगितलं. देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा झाले आणि खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी. त्याच प्रकरणाच्या सुनावणीत, २०१७ साली, यातल्या काही पैशांतून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचंही पुढे आलं होतं. घमेलं उचलणाऱ्या बाईच्या नावाने वॉशिंग मशीन! यावर वेगळं काही बोलायला नको.

पैसा पोचत नाही याचं खापर आपण लगेच भ्रष्टाचारावर फोडतो. भ्रष्टाचार असेलही. पण माझं मत असं की मूळ दोष अर्जाच्या रीतीतच आहे.

निवृत्तीनंतर आजूबाजूच्या लोकांचे अर्ज भरून देणं हा माझा उद्योग आहे. बँकेचे, पेन्शनचे, शाळाप्रवेशाचे. आमच्या इमारतीत पूर्वी लाद्या बसवून गेलेले एक गवंडी असाच नोंदणीचा अर्ज घेऊन आले. आधार होतं, पासबुक होतं, फोटो होते. अडलं ते एका कागदावर: गेल्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र. ते ज्याच्याकडे जास्त दिवस होते, त्या ठेकेदाराने सही द्यायला साफ नकार दिला. का देईल? सही दिली म्हणजे हा माणूस माझ्याकडे होता असं कबूल करणं आलं आणि मग बाकीचे हिशेबही निघतात. ठेकेदार देत नसेल तर पालिकेच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र चालतं. पण तो अधिकारी तरी कशाच्या आधारे लिहिणार? यांनी नव्वदच काय, त्याहून जास्त दिवस काम केलं होतं, पण ते वीसेक जणांकडे. कुणाचं न्हाणीघर, कुणाची गच्ची, कुणाचं दुकान. त्याची नोंद कुठेच नाही.

आता याच्या पुढची गंमत बघा. ज्याला वर्षभर धड काम मिळालेलं नाही, त्याचे नव्वद दिवस भरणारच कसे? म्हणजे काम गेलं की काम गेल्याबद्दल मदत मागण्याचा हक्कही गेला! ही अट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशीच आली आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

कागदावर नाव असण्याची किंमत करोनात दिसली. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रात बांधकाम कामगारांच्या खात्यात २,००० रुपये जमा झाले आणि २०२१ मध्ये १,५०० रुपये. रक्कम थोडी, पण त्या दिवसांत मोलाची. मिळाली मात्र ज्यांची नोंदणी होती त्यांनाच.

नोंदणी झाली असं धरू. पुढे प्रशिक्षण कसलं? सध्याच्या योजनांत मोठा भाग असतो तो आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचा. २०२२ साली केंद्राने एक लाखाहून जास्त बांधकाम कामगारांसाठी 'निपुण' योजना जाहीर केली, तिच्यातही मोठा वाटा याचाच होता. प्रमाणपत्र वाईट नाही, माणसाला मान मिळतो. पण ज्याचं वीटकामच गेलं, त्याला वीटकाम येतं असा दाखला देऊन त्याने काय करायचं? त्याला साचे जोडणं, जिप्समचा गिलावा, जलरोधक लेप, नळकाम असलं काहीतरी नव्याने हाताला बसायला हवं. त्याला दोन दिवस पुरत नाहीत, महिना-दीड महिना जातो.

आणि त्या महिन्यात घर कशावर चालणार? हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी काही वर्षं रात्रशाळेत शिकवलं. दिवसभर कँटीनमध्ये, छापखान्यात राबून आलेली मुलं साडेआठला डुलक्या घ्यायची, तरी शिकली. कारण दिवसाचा पगार चालू होता. ज्याचा रोजच बंद आहे, त्याला फुकट वर्गसुद्धा परवडत नाही. तीस दिवसांचा वर्ग म्हणजे तीस दिवस नाक्यावर न जाणं. म्हणून वर्गाच्या फीपेक्षा त्या दिवसांचा रोज देणं महत्त्वाचं. ही कल्पना नवी नाही. कापड गिरण्या बंद पडल्यावर केंद्राने १९८६ मध्ये कामगार पुनर्वसन निधीची योजना आणली होती. तिच्यात पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदतीची तरतूद होती. माणसाला सावरायला अवधी लागतो, एवढं तरी त्या योजनेने मानलं होतं.

नव्या औद्योगिक संबंध संहितेतही पुनर्कौशल्य निधी आहे. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम भरायची आणि कपातीपासून पंचेचाळीस दिवसांच्या आत ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. तरतूद चांगली आहे. पण कपात व्हायला आधी नोकरी लागते! नाक्यावरच्या माणसाला कागदोपत्री कोणी ठेवलेलंच नाही, तर काढणार कोण?

उपकर मात्र बरोबर सापडतो. नकाशा मंजूर करताना पालिकेला इमारत दिसते, तिचा खर्च दिसतो, बिल्डर दिसतो. मग त्याच इमारतीवर कोण राबतं, हे त्याच वेळी का दिसू नये? इमारतीने उपकर भरायचा आणि कामगाराने पुरावा गोळा करत फिरायचं, ही रीत उलटी आहे. महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलं आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद मंडळाकडे, मालकाने मजुरी आणि वरची वर्गणी मंडळाकडे भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची. त्या व्यवस्थेतही पुढे दोष शिरले, पण हमाल मोजला गेला. "मी हमाल आहे" हे सिद्ध करायला त्याला दारोदार जावं लागलं नाही.

कोणी म्हणेल, अट सैल केली की बोगस नावं घुसतील. खरं आहे, दलाल टपलेलेच आहेत. पण सही-शिक्क्याने दलाल थांबत नाही, शिक्का तर त्याच्याच खिशात असतो. थांबतो तो खरा गवंडी. त्याच्या हातात थापी आणि ओळंबा द्या, चार विटा रचायला सांगा. दहा मिनिटांत कळेल तो कोण आहे ते. आम्ही मास्तर लोक आयुष्यभर तोंडी परीक्षा घेत आलो, त्यात अवघड काही नाही.

सरकार बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे, आणि ती मी माझ्या नातलगांना मुद्दाम सांगते आहे, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या सोसायट्या पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. करारनामा काढून वाचा. पार्किंग, भाडं, कॉर्पस, लिफ्टची कंपनी, लाद्यांचा आकार, सगळं कलमवार असतं. आमच्याही करारनाम्याच्या मसुद्यात ते आहे. ज्यांच्या हातून घर उभं राहणार, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी एक कलम सुचवणार आहे: आपल्या कामावर येणाऱ्या प्रत्येक कामगाराची हजेरी बिल्डरने लिहून ठेवावी, नव्वद दिवस भरले की मागितल्याशिवाय प्रमाणपत्र द्यावं आणि त्याआधी काम सुटलं तर भरलेल्या दिवसांचा दाखला हातात द्यावा. बिल्डरला याचा खर्च एका वहीचा. तुम्हीही तुमच्या सभेत मांडा. मसुदा लिहून हवा असेल तर मला फोन करा, मराठीत व्यवस्थित लिहून देईन.