शंभर ग्रॅमच्या पलीकडे

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी, अंतिम लढतीच्या दिवशी सकाळी, विनेश फोगटचे वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम अधिक भरले आणि ती अपात्र ठरली. अन्नपाण्यावर निर्बंध, रात्रभर व्यायाम, अखेरीस केस कापणे, हे सारे उपाय निष्फळ ठरले. देश हळहळला. मात्र ५३ किलो गटातील जागा अंतिम पंघालकडे गेल्यामुळे विनेशला खालच्या गटात उतरावे लागले होते, याची चर्चा फारशी झाली नाही.

वजनी गटांच्या खेळांत उपासमारीलाच शिस्त मानले जाते. ही सवय पुढे अन्नाच्या भीतीत, अधाशी खाण्यात किंवा खाल्लेले ओकून टाकण्यात केव्हा बदलते, हे प्रशिक्षकाच्याही ध्यानात येत नाही. सरावाच्या मानाने आहार तोकडा पडल्यास मासिक पाळी बिघडते, हाडे दुबळी होतात आणि पुरुषही यातून सुटत नाहीत, असा इशारा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्येच दिला होता.

यावर उपाय आहे. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस वजन घटविताना तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रबरी पोशाख आणि सौना यांवर बंदी घातली. शरीरातील पाणी व चरबी तपासून प्रत्येक मल्लाचे किमान वजन हंगामापूर्वीच ठरविण्याची पद्धत आणली. आपल्या कुस्ती व मुष्टियुद्ध संघटनांनी किशोर गटापासूनच तिचा अवलंब करावयास हवा. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचा सल्लाही गट निवडण्यापूर्वीच घेतला गेला पाहिजे.