काचेच्या दारापलीकडचे हिम

टोकियोत हिम पडते ते क्वचित, आणि तेही बेताचेच. निरोगी माणूस दाराशी उभा राहून क्षणभर ते पाहतो आणि कामाला लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची गोष्ट निराळी.

मासाओका शिकी हा जपानी कवी १८९५ मध्ये चीनहून परतताना आजारी पडला. तोंडावाटे रक्त पडू लागले, आणि पुढच्याच वर्षी क्षय पाठीच्या कण्यात उतरल्याचे निदान झाले. ‘हायकू’ हे नाव रूढ केले ते याच कवीने. शिरीष पै यांच्या लेखणीतून मराठी वाचकांच्या ओळखीचा झाला तोच हा काव्यप्रकार. टोकियोच्या नेगिशी भागातील लहानशा घरात शिकी, आई आणि धाकटी बहीण रित्सू अशी तिघे राहत. घराच्या दक्षिणेला सुमारे ७०० चौरस फुटांची बाग होती आणि कुंपणापलीकडे उएनोचे उंच सदाहरित वृक्ष.

घराची सरकती दारे कागदाची होती. कागदातून उजेड येतो, दृश्य येत नाही. १८९६ च्या हिवाळ्यात बाहेर हिम पडत असताना, ते किती साचले हे शिकीला पुन्हा पुन्हा विचारावे लागे. त्या आजारपणातील हिमावरच्या त्याच्या चार हायकूंचा विषयच हा. विचारणारा एक, तर उठून पाहणारे आणि सांगणारे दुसरेच कोणीतरी.

१८९९ च्या डिसेंबरात ताकाहामा क्योशी या शिष्याने पुढाकार घेऊन दक्षिणेकडच्या दारांना काच बसवली. साध्या घरात काच ही तेव्हा अपूर्वाईच होती. मुख्य हेतू थंडी अडवण्याचा. बाहेरचे दिसावे हा दुसरा. शिकीला मात्र हा दुसराच लाभ मोठा वाटला असावा. झाड, कुंपण, कपडे वाळवण्याची काठी, तिच्यावर लोंबणारे पायमोजे, जे जे दिसले ते त्याने लिहून ठेवले. आता हिमाची चौकशी करण्याचे कारण उरले नव्हते. ते पायमोजे वाळत कोणी घातले, याची नोंद मात्र आढळत नाही.

रित्सू दोनदा लग्न होऊन माहेरी परतली होती. वृत्तपत्राचे चाळीस आणि मासिकाचे दहा, अशा महिना ५० येनांत औषधपाणी आणि तिघांचा प्रपंच तिने निभावला. १९०१ च्या खाजगी रोजनिशीत शिकीने तिला हट्टी आणि कोरड्या मनाची म्हणून दूषणे दिली आहेत. वेदनेने माणूस जवळच्यांवरच चिडतो, हे आजाऱ्याचे घर पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पण त्याच रोजनिशीत त्याने जणू खातेवहीच मांडली आहे: ही परिचारिका, हीच स्वयंपाकीण, हीच घराची व्यवस्थापक आणि हीच लेखनिक, आणि परिचारिकेच्या वेतनाचा दहावा हिस्साही हिच्यावर खर्च होत नाही. ती एक दिवस नसेल तर घर थांबेल, हेही तो मान्य करतो.

१९०१ मध्ये काचेसमोर घोसाळ्याचा मांडव उभा राहिला. त्याच्या वेलीचा रस कफावर देत असत. १९ सप्टेंबर १९०२ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, शिकी गेला.

तिशी ओलांडलेल्या रित्सूने पुढच्याच वर्षी मुलींच्या व्यवसाय-शाळेत नाव घातले आणि कालांतराने तिथेच ती शिवणकाम शिकवू लागली. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालेले ते घर पुन्हा उभारले आहे. पाहायला येणारे लोक शिकीच्या खोलीत खाली बसतात आणि काचेतून बाग पाहतात.